घरच्या मोठ्या माणसांचे चांगले पोर्ट्रेट कसे काढायचे? (मोबाइल चालेल, खिडकी मात्र हवी)

ओसरी

मागच्या महिन्यात आमची आजी गेली. ९१ वर्षांची होती, सोनं झालं असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण मला इथे वेगळंच बोलायचंय. दहाव्याच्या आत फोटो फ्रेम करून हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली, पाच मोबाइल, दोन पेन ड्राइव्ह आणि लग्नाचे तीन अल्बम पालथे घातल्यावर कळलं की आजीचा एकटीचा, नीट उजेडात काढलेला असा एकही फोटो घरात नाहीये. शेवटी चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला, शेजारच्या मामीचा खांदा त्यात येत होता तो गावातल्या एका स्टुडिओत पुसून घेतला. पुसता पुसता त्याने आजीच्या सुरकुत्याही पुसल्या, रंग दोन शेड उजळ केला आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून काढून टाकलं. तीन हिरवे ठिपके होते. ती आठ वर्षांची असताना तिच्या आईने जत्रेत गोंदवून घेतलेले. लहानपणी तिच्या मांडीवर बसून आम्ही त्या ठिपक्यांवर बोट ठेवायचो आणि ती बोट चावल्यासारखं करायची. आता भिंतीवर हार घातलेली जी बाई आहे ती आजीसारखी दिसते, एवढंच.

मी गेली बारा-तेरा वर्षं हौसेने फोटो काढते. डोंगर काढले, पक्षी काढले, कासची फुलं दर वर्षी काढली, आणि खिडकीपाशी बसून वाती वळणाऱ्या आजीचा फोटो काढायचा राहिला. ती रोज तिथेच बसायची हो. म्हणून हा धागा काढतेय, मला जेवढं माहितीये तेवढं लिहिते, बाकीच्यांनी भर घाला, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा, आई-बाबा आहेत त्यांनी या रविवारीच काढा.

सगळ्यात आधी एक काम, मोबाइलची लेन्स पुसा. सुती, कोरड्या कापडाने. दिवसभर बोटांचं तेल लागून त्यावर धुरकट थर बसतो आणि खिडकीचा उजेड त्यावर पसरून अख्खा फोटो दुधाळ होतो, लोकांना वाटतं कॅमेराच बिघडलाय.

मग घरातले दिवे बंद करा. हो, बंद. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, ट्यूबचा कधी कधी हिरवट, हे सगळे एकत्र चेहऱ्यावर पडले की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या, कॅमेऱ्याला नक्की कोणता रंग सांभाळायचा ते कळत नाही आणि नंतर एडिटमध्येही ते सुटत नाही. एकच उजेड ठेवा, एकाच बाजूने येणारा.

खिडकी अशी निवडा की थेट ऊन आत येत नाहीये. उजेडाचा उगम जेवढा मोठा आणि जवळ तेवढ्या सावल्या मऊ, म्हणून मोठी खिडकी चांगली आणि ढगाळ दिवस तर फारच चांगला, अख्खं आभाळच दिवा होतं. ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरं धोतर किंवा ओढणी लावा. खुर्ची खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, आणि माणूस खिडकीकडे तोंड करून नाही, पाठ करून तर नाहीच, थोडा तिरका. मग चेहऱ्याची एक बाजू उजळ राहते, दुसरीकडे हळूहळू सावली जाते आणि नाक, गालाचं हाड, सुरकुत्या सगळं दिसायला लागतं. लांबच्या गालावर फार अंधार वाटला तर त्या बाजूला पांढरी चादर धरा कुणालातरी, थर्माकोलची शीट असेल तर उत्तम. खुर्ची खिडकीपासून थोडी मागे सरकवली तरी दोन गालांमधला फरक कमी होतो, कारण खिडकीला अगदी लागून उजेड फार भराभर उतरतो आणि मागे गेल्यावर सावकाश.

आणि भिंतीकडे लक्ष द्या. आपल्याकडे पोपटी, गुलाबी रंग दिलेला असतो खोलीला, तो रंग उजेडाबरोबर उडून चेहऱ्यावर येतो. आमच्या मधल्या खोलीत काढलेला प्रत्येक माणूस आजारी दिसतो, ते त्या पोपटी भिंतीमुळे हे मला फार उशिरा कळलं.

खिडकी नसेल जमत तर उंबरा. जुन्या घरात हे सगळ्यात सोपं. पुढचं दार उघडायचं, माणसाला उंबऱ्याच्या आत एक पाऊल उभं करायचं, तोंड अंगणाकडे, आपण अंगणात. वर छप्पर असल्याने डोक्यावरून उजेड येत नाही, समोरून मात्र अख्ख्या अंगणाचा येतो, आणि मागे घरातला अंधार आपोआप काळा पडदा होतो. भर दुपारी १२ वाजता अंगणात उभं केलं तर डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि डोळे बारीक होतात, तोच माणूस दोन पावलं आत आला की डोळे उघडतात. करून बघा, फरक इतका आहे की शब्दांत नाही सांगता येत.

बाकी फोकस, लेन्स वगैरे कुणी विचारलं तर लिहीन.

निळी_शाई

ओसरीताई, गोंदणाचं वाचून पोटात कालवलं. माझ्या सासऱ्यांचा फ्रेममधला फोटो आधार कार्डावरून मोठा केलाय, त्याहून जास्त काय सांगू.

एक प्रश्न. मी मोबाइलने आईचा फोटो काढते तेव्हा नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, ती म्हणते माझं तोंड असं नाहीये आणि खरंच नाहीये. हे लेन्समुळे का?

ओसरी

निळी_शाई, लेन्समुळे असं सगळे म्हणतात पण खरं कारण अंतर. मोबाइलचा मुख्य कॅमेरा फार रुंद बघतो, त्यामुळे चेहरा फ्रेमभर दिसायला हवा म्हणून आपण अगदी दीड-दोन फुटांवर जातो. तेवढ्या जवळून नाकाचं टोक आणि कान यांच्या अंतरात टक्केवारीत मोठा फरक पडतो, म्हणून जवळचं नाक फुगतं आणि कान लहान होतात. तीच व्यक्ती पाच-सहा फुटांवरून बघितली की हा फरक नगण्य. आपण समोरासमोर गप्पा मारायला बसतो साधारण तेवढं अंतर, आईचा चेहरा आपल्याला त्याच अंतरावरून ओळखीचा असतो.

म्हणून मागे सरका आणि मोबाइलमध्ये २एक्स (दुप्पट झूम) करा, तुमच्याकडे ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर तीच वापरा. वेगळी लेन्स नसेल तरी २एक्स करून काढा, थोडी बारीकी कमी होईल पण चेहरा आईचा राहील.

आणि मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरा. आई पाटावर बसली असेल तर आपणही खाली बसायचं. उभं राहून वरून काढला की कपाळ मोठं आणि हनुवटी गायब.

सह्यवारा

वाचनखूण साठवली. खिडकीचा प्रयोग उद्याच करतो.

फिफ्टी_प्राइम

चांगला धागा. थोडी असहमती नोंदवतो. मोबाइल चालेल हे कबूल, पण ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) कपाटात पडलाय त्यांनी त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स काढून ५० मिमी एफ १.८ घ्यावी (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं), स्वस्त लेन्सपैकी ही एक असते आणि सेकंडहँड तर सहज मिळते. आपले बहुतेक कॅमेरे छोट्या सेन्सरचे, त्यावर ही ५० ची लेन्स कॅननला ८० सारखी आणि निकॉनला ७५ सारखी वागते, म्हणजे पोर्ट्रेटला लोक जी ८५ मिमी वापरतात तिच्या अगदी जवळ. ताईंनी सांगितलेलं पाच-सहा फुटांचं अंतर आपोआप राखलं जातं. शिवाय संध्याकाळी पाचनंतर खोलीतला उजेड उतरला की मोबाइल आणि या लेन्समधला फरक कळतो. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मला अजिबात पटत नाही, तो बॅकग्राउंड अंदाजाने पुसतो, त्यात चष्म्याची दांडी, सुटे केस, कानातल्या कुडीची कड हे सगळं अर्धवट पुसलं जातं.

पण सावध, एफ १.८ वर सगळे नवीन लोक एकच चूक करतात, सतत १.८ वरच काढतात. दीड मीटरवरून ५० मिमी १.८ ला छोट्या सेन्सरवर जेमतेम ६ सेंटीमीटर जागा शार्प असते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतच त्याहून जास्त अंतर आहे, आणि माणूस बसल्या बसल्या थोडा पुढे-मागे डुलतोच, म्हातारी माणसं तर जास्त. मग नाक शार्प आणि डोळे मऊ. एफ ४ वर या, साधारण १४ सेंटीमीटर मिळतात, बॅकग्राउंड तरीही मऊच राहतं जर खुर्ची भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ओढली असेल तर. फोकस पॉइंट एकच ठेवायचा आणि तो आपल्याला जवळच्या असलेल्या डोळ्यावर. शटर सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू नको, लहान मुलं असतील तर १/२५०. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८००, १६०० करावा लागला तर बिनधास्त करा, थोडे दाणे आले तर प्रिंटमध्ये दिसत नाहीत, हललेला फोटो मात्र कायमचा गेला.

ओसरी

फिफ्टी_प्राइम, असहमती कसली, अंतराचं आणि एफ ४ चं सगळं पटलं. लेन्सबद्दल एवढंच म्हणेन की लेन्स येईपर्यंत थांबू नका. मी स्वतः चांगली ८५ घेईन, मग आजीला नीट बसवून काढीन, असं तीन वर्षं म्हणत होते.

पोर्ट्रेट मोडबद्दल मी पण तुमच्याच बाजूने. त्याच्याबरोबर येणारा ब्यूटी का काय तो पर्याय आहे ना, तो तर आधी शून्यावर आणा. बऱ्याच फोनमध्ये तो आपल्याला न विचारता चालू असतो आणि गोंदण, तीळ, देवीचे व्रण सगळं जातं.

घाटवाट

मी दर वर्षी वारीत जातो, पहिली चार-पाच वर्षं कॅमेरा घेऊनच. त्यावरून दोन गोष्टी.

एक म्हणजे पांढरा कपडा. वारकरी म्हणजे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हात रापलेला सावळा चेहरा. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाला आणून ठेवायला बघतं. त्याला एवढं पांढरं दिसलं की तो घाबरून उजेड कमी करतो, धोतर करडं होतं आणि चेहरा पार काळा पडतो. मग लोक एडिटमध्ये चेहरा खेचून वर आणतात आणि माणूस राखाडी दिसतो. त्यापेक्षा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लसमध्ये घ्या, दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक होतं, मग शेजारची पट्टी थोडी वर. उंबऱ्यातल्या फोटोत याच्या उलट होतं, मागे अंधार जास्त असल्याने कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो, तिथे पट्टी खाली घ्यायची. सावळा रंग सावळाच यायला हवा, त्याची चमक त्यातच आहे.

दुसरी गोष्ट मला एका माउलींनी शिकवली. दिवेघाटात मी मोठी झूम लावून लांबून काढत होतो, लोकांना कळू न देता काढले की खरे भाव मिळतात असं मला वाटायचं. एक आजी कडेला टेकलेल्या, पाय चेपत होत्या, त्यांनी बरोबर ओळखलं. हाक मारली, ‘लांबून काय काढतुयास, हितं यिऊन बस की.’ गेलो, बसलो. त्यांनी राजगिऱ्याचा लाडू दिला, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, आणि मग स्वतःच पदर नीट करून म्हणाल्या ‘हं, काढ आता.’ त्या दिवशीचे सगळे मिळून चारशे फोटो असतील, त्यातला आज तो एकच भिंतीवर आहे. तेव्हापासून मी झूम लेन्स वारीला नेलीच नाही. ‘माउली, फोटो काढू का’ विचारतो, नाही म्हणाल्या तर हात जोडतो आणि पुढे. दिंडीचा नंबर लिहून घेतो आणि पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन जातो. सगळे भेटत नाहीत. त्या आजीही परत भेटल्या नाहीत, त्यांच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांकडे प्रिंट दिली.

निळी_शाई

घाटवाट, विचारण्याबद्दल १००% अनुमोदन. रस्त्यावरच्या गरीब माणसाचा चेहरा न विचारता काढून बक्षिसाला पाठवतात ते मला बघवत नाही.

जुना_अल्बम

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता, चाळीस वर्षं चालवला, मी तिथेच लहानाचा मोठा झालो.

जुन्या स्टुडिओची मोठी खिडकी किंवा काचेचं छप्पर उत्तरेला असायचं. कारण आपल्याकडे, उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळची तिरीप सोडली तर, उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळतो. चित्रकारही म्हणून उत्तरेचीच खिडकी धरतात. ताईंनी लिहिलेली खिडकी म्हणजे हाच जुना स्टुडिओ आहे, वीज नसतानाचा. लाला दीनदयाळांनी (१८४४-१९०५) निजामाचे, संस्थानिकांचे जे पोर्ट्रेट काढले ते याच काळातले, कधी बघितले तर सावल्या कुठून सुरू होतात ते बघा. आणि आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीच करत होते, तेव्हा लोकांना भीती की फोटो काढला की आयुष्य कमी होतं. माझ्या लहानपणीही वडिलांना असं सांगणारी म्हातारी माणसं भेटायची, त्यांना वडील आधी नातवाचा फोटो काढून दाखवायचे.

जुन्या फोटोत कुणी हसत का नाही असं मुलं विचारतात. १८३९ मध्ये फ्रान्सच्या डॅगेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची, पुढे सेकंदांवर आलं तरी हलायचं नाही म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. तेवढा वेळ हसू टिकत नाही. हसू टिकत नाही हे आजही खरं आहे बरं का, फक्त आपण विसरलोय. ‘हसा’ म्हटल्यावर जे येतं ते एका सेकंदात वाळतं. वडील कधीच ‘हसा’ म्हणायचे नाहीत. काळ्या कापडाखाली डोकं घालून खटपट करत राहायचे, समोरच्याला वाटायचं अजून वेळ आहे, तो खांदे सोडायचा, श्वास सोडायचा, आणि तेवढ्यात फोटो झालेला असायचा.

रिटचिंग तेव्हाही होतं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम करायचं, निगेटिव्हवर जिथे शिसं लागेल तिथे प्रिंटमध्ये उजळ होतं, तशा सुरकुत्या हलक्या करत. वडिलांचा नियम असा की महिन्याभरात जे जाणार आहे ते पुसायचं, पुटकुळी, खरचटलेलं, झोप न झालेली. जन्मभर राहणार ते हलकं सुद्धा करायचं नाही. तीळ, व्रण, गोंदण. ताई, तुमच्याकडे तो मूळ ग्रुप फोटो असेल ना? त्यातून पुन्हा करता येईल, सुरकुत्या ठेवून. मी करून देतो, पैसे नकोत.

ओसरी

जुना_अल्बम काका, डोळ्यांत पाणी आलं. मूळ फाइल आहे. तुम्हाला निरोप पाठवलाय.

सोनचाफा

नमस्कार, मी इथे नवीन. बायोडेटासाठी फोटो काढायचाय, घरचे स्टुडिओत जा म्हणतात, मागच्या वेळी एका ठिकाणी मला इतकं गोरं केलं की भेटायला आलेल्या मुलाच्या आईने दोनदा फोटो बघितला आणि दोनदा मला. खूप वाईट वाटलं होतं. मला चष्मा पण आहे आणि तो काढून मी मी वाटत नाही. घरीच बहिणीकडून काढून घेऊ का?

ओसरी

सोनचाफा, घरीच काढा. बहीण आहे हेच मोठं काम झालं, ओळखीच्या माणसासमोर चेहरा मोकळा असतो.

चष्मा ठेवा. काचेत खिडकी चमकते ती तुम्ही खिडकीकडे सरळ बघताय म्हणून, खिडकी थोडी आणखी बाजूला येईल अशा बसा आणि हनुवटी जराशी खाली घ्या, अगदी एक बोटभर. तरी चमक राहिली तर चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित वर उचला, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात, फोटोत कळत नाही. डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा ठिपका मात्र दिसायलाच हवा, तो नसला की डोळे विझल्यासारखे वाटतात. गौतम राजाध्यक्षांचे (१९५०-२०११) पोर्ट्रेट बघा, फक्त तो ठिपका शोधत बघा, उजेड कुठे ठेवला होता ते डोळ्यांतच वाचता येतं. मी अशीच शिकले, मासिकातले फोटो भिंगाखाली धरून.

कपडे फार चकचकीत नकोत, एकरंगी सुती साडी किंवा कुर्ता, तुम्हाला आवडतो तो. खांदे कॅमेऱ्याला सरळ समोर नकोत, थोडे तिरके, मान कॅमेऱ्याकडे. बहिणीला सांगा सलग तीस-चाळीस काढ आणि मधे मधे बोलत राहा. पहिले दहा कुणाचेच चांगले येत नाहीत, ते सोडून द्यायचे. आणि फोटो घेताना डोक्यामागे काय आहे ते बघायला सांगा, स्विचबोर्ड, कॅलेंडर, फ्रिजवरचा डबा डोक्यातून उगवल्यासारखा येतो.

रंगाला हात लावू नका.

उत्तरध्रुव

कॅनडातून वाचतोय. इथे ओटावाचं नाव पोर्ट्रेटच्या संदर्भात नेहमी निघतं ते फोटोग्राफर युसुफ कार्शमुळे. चर्चिलचा तो प्रसिद्ध रागीट फोटो कार्शने इथेच, ३० डिसेंबर १९४१ ला, संसदेत भाषण झाल्यावर काढला. चर्चिलच्या तोंडात सिगार होता, कार्शने पुढे होऊन तो सरळ काढून घेतला आणि परत येऊन फोटो घेतला, चेहऱ्यावरचा तो राग त्या हिसकावलेल्या सिगारचा आहे. लगेचच्या दुसऱ्या फोटोत चर्चिल हसतोय, तो फारसा कुणाला माहीत नाही. जुना_अल्बम यांच्या वडिलांचं वाचून हेच आठवलं, दोघेही समोरच्याचा ठरवलेला चेहरा मोडायची वाट बघत होते, फक्त वडिलांची पद्धत जास्त मायेची.

इथली एक गंमतीची भर, हिवाळ्यात बाहेर बर्फ असला की खिडकीतून उजेड खालूनही येतो, ताईंच्या पांढऱ्या चादरीचं काम अंगणच करतं. आई आली होती तेव्हा काढलेले फोटो सगळ्यात चांगले फेब्रुवारीतले आहेत.

सह्यवारा

प्रयोग केला. बाबा बसले खिडकीपाशी, पण फोटोसाठी म्हटलं की एकदम ताठ, पासपोर्टच्या फोटोसारखे, हात मांडीवर मुठी आवळून. काय करू? आणि एक, मी ५२ चा आहे, हे सगळं शिकायला उशीर झालाय का?

ओसरी

सह्यवारा, हातांना काम द्या. माणूस ताठरतो तो हातांपासून. बाबा काय करतात रोज? पेपर, अडकित्ता, रेडिओची खटपट, चष्मा पुसणं, भाजी निवडणं, जे असेल ते करू दे, आणि तुम्ही मोबाइल घेऊन आधी दहा मिनिटं फोटो न काढता नुसते बसा. मग असं काहीतरी विचारा ज्याचं उत्तर मोठं आहे. पहिली नोकरी, पहिली सायकल, घर बांधलं तेव्हा वाळू कुठून आणली. उत्तर देता देता ते मधेच थांबतील, आठवायला, खिडकीबाहेर बघतील. तो क्षण घ्या, आणि मग परत तुमच्याकडे बघतील तोही. सलग घ्या, डिलीट नंतर.

माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या वाती येतात. कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं थोडी राखेत बुडवायची आणि मांडीवर एकच फिरकी. नजर हातांकडे नसायचीच, समोर रस्त्याकडे. चेहरा पूर्ण सुटलेला. असा चेहरा खुर्चीत बसवून, ‘इकडे बघ’ म्हणून मिळत नाही.

उशिराचं म्हणाल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची बाई, १८१५ ला कलकत्त्यात जन्मलेली, तिला पहिला कॅमेरा मुलीने भेट दिला तेव्हा ती ४८ वर्षांची होती. इंग्लंडमध्ये घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला आणि शेजारीपाजारी, मोलकरणी, नातेवाईक यांचे पोर्ट्रेट काढत सुटली. आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते. फोकस हलका म्हणून तेव्हा लोक तिला नावं ठेवायचे. तुम्ही चार वर्षांनी मोठे, बस.

फिफ्टी_प्राइम

कॅमेरॉनला +१. आणि सह्यवारा, ब्लॅक अँड व्हाइट करायच्या मोहात लगेच पडू नका. सुरकुत्या दिसल्या की सगळे तेच करतात. बाबांच्या स्वेटरचा रंग तुम्हाला वीस वर्षांनी बघायचा असेल.

सह्यवारा

आज सकाळी साडेनऊला झाला फोटो. बाबा जुन्या एचएमटी घड्याळाला चावी देत होते, रोज देतात, मी विचारलं हे कधी घेतलं, तर म्हणाले पहिल्या बोनसचं आहे, आणि मग पाऊण तास बोलले. सदतीस फोटो काढले, एकविसावा आहे. आईने बघितला, जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हा मोठा करून आण. एका डोळ्याची पापणी थोडी उतरलेली आहे त्यांची, पॅरालिसिसचा हलका झटका आला होता तेव्हापासून, ती तशीच ठेवलीये.

आता प्रश्न असा की ८ बाय १० मोठा केला तर फुटेल का? मोबाइल १२ मेगापिक्सलचा आहे, वर-खाली थोडं क्रॉप केलंय.

ओसरी

सह्यवारा, वाचून फार बरं वाटलं. पापणी ठेवलीत ते तर खूपच.

नाही फुटणार. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ८ बाय १० ला २४०० गुणिले ३०००, ७२ लाख झाले. तुमच्याकडे १ कोटी २० लाख आहेत, थोडं क्रॉप करूनही पुरतात. ग्रुप फोटोतून एक चेहरा कापला तर त्यात पाच-दहा लाखसुद्धा उरत नाहीत, आमच्या आजीचं तेच झालं. फक्त प्रिंटवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान करून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्हवर न्या. आणि आधीच सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, चेहऱ्याला काही करू नका.

पेपर मॅट घ्या, चकचकीत पेपरवर पुन्हा काच लागली की त्यात समोरची ट्यूब दिसत राहते. दोन प्रती काढा, आत्या मागणारच. एका प्रतीच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि घड्याळाचं ते लिहून ठेवा, बॉलपेनने नको, त्याची शाई पुढे उमटते.

आणि आता आईला बसवा. तीच खिडकी, उद्या साडेनऊला.